लंबकाच्या पावलात पाऊल

त्या सकाळी ते दोन आवाज एकदम उमटले, आणि सत्यभामाबाईंच्या बोटांतली जपमाळ जागच्या जागी थांबली. योगायोग असेल म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा दोन्ही एकदम. पुन्हा. बैठकीतल्या उंच घड्याळाचा लंबक आपल्या नेहमीच्या रुबाबात एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात होता, आणि समोर स्टुलावर बसलेल्या सुनेने छातीशी धरलेल्या ट्रान्झिस्टरमधून येणारी टकटक त्याच्या पावलात पाऊल टाकून चालली होती. दोन वर्षांत असे कधी झाले नव्हते. रेडिओचा काटा जिथे कोणतेच केंद्र लागत नाही अशा ठिकाणी नेऊन तो आशालताच्या डाव्या खांद्याखाली धरला, की आत कातडीखाली बसवलेल्या यंत्राचा प्रत्येक टोला त्यात ऐकू येई. ही युक्ती मुंबईच्या डॉक्टरांनीच शिकवली होती. आणि ही टकटक नेहमी लंबकाच्या पुढे असे. पाण्याला निघालेल्या अल्लड पोरीने वाटेत म्हाताऱ्याला गाठावे, दोन पावले त्याच्या बरोबरीने चालावे आणि पुन्हा पुढे निघून जावे, तशी ती लंबकाला गाठी, क्षणभर त्याच्याशी जुळे आणि निसटून जाई. त्या निसटण्याची बाईंना सवय झाली होती. पूजा आटोपून सोवळ्यातच पाटावर बसावे, सुनेने दोन हात अंतरावर बसावे, आणि पोर पुढे निघून गेलेली ऐकली की मगच तोंडात चहाचा घोट घ्यावा. आज त्या वाट पाहत राहिल्या. पोर पुढे जाईना. म्हाताऱ्याचे बोट धरल्यासारखी ती त्याच्या शेजारून चालत राहिली.

"झालं का आत्याबाई?" आशालताने विचारले. "भाताचं आधण केव्हाचं उकळून राहिलं असेल."

"झालं."

"आज लई वेळ ऐकलंत. एखादं चांगलं गाणं लागलं होतं काय?"

"जा, भात टाक," बाई म्हणाल्या. आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचे त्यांनाच नवल वाटले. आशालता रेडिओ शिसवी मेजावर ठेवून आत गेली. तिच्या जोडव्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि तिथे पितळी झाकणाच्या आवाजात मिसळला. टकटक मंदावली की समजावे बॅटरी उतरली, असे डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर किती दिवस, असे बाईंनी विचारले तेव्हा त्या विद्वान माणसाने चष्मा काढून पुसला होता. ते आमच्या संशोधनालाही अजून ठाऊक नाही, असे तो म्हणाला होता. कधी काही महिने, कधी एक सकाळ.

बालाघाटात सत्यभामाबाईंचा शब्द खाली पडत नसे. त्यांचे यजमान, वकीलसाहेब, हयात असताना पक्षकार आधी ओसरीवर बाईंना नमस्कार करीत आणि मग कचेरीत शिरत. ते उंच घड्याळही बाईंच्याच हट्टाने आले होते. भरवेलीच्या खाणीतला गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा वकीलसाहेबांनी त्याच्या बंगल्यातली बंदूक पसंत केली होती. बाईंनी घड्याळ उचलून आणवले. ओसरीवरून त्यांनी हाक मारली की परसातल्या गोठ्यातून 'जी' असे उत्तर येई. म्हणूनच नागपूरच्या डॉक्टरांनी आशालताच्या दुखण्याचे जे वर्णन केले ते त्यांच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. हळदीकुंकवाच्या दिवशी अत्तरदाणी हातात घेऊन ही पोर भर बायकांत उभीच्या उभी कोसळली होती. कोणी कांदा फोडला, कोणी म्हणाले फेफरे, कोणी म्हणाले अंगात आले. नागपुरात छातीला तारा लावून कागदावर नागमोडी रेघ काढली गेली आणि डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वरचा मजला हाक मारतो आहे, पण ती खालच्या मजल्यावर पोचत नाही. खालचा मजला मग आपल्या मर्जीने, जमेल तेव्हा हलतो. कधी हलायचे विसरतो. हे ऐकून बाईंना भीतीपेक्षा अपमानच अधिक वाटला होता. हाक मारावी आणि ती ऐकू जाऊ नये? त्यांच्या घरात? रात्रंदिवस सुनेच्या फासळ्यांच्या आत कोणीतरी थोर माणूस ओसरीवरून हाका मारतो आहे आणि घरभर कोणीही ओ देत नाही, असे काहीतरी त्यांच्या मनात येई.

मुंबईत यंत्र बसवले गेले. पानाच्या डबीएवढे, गुळगुळीत, त्यातून निघालेली एक तार थेट हृदयाच्या खोलीत सोडलेली. खालच्या मजल्याच्या दाराशीच बसवलेला हा एक चोपदार. वरचे ऐकू येवो न येवो, तो ठरल्या वेळी काठी आपटणार. त्याच सुमारास शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात तिरोडीच्या मँगनीज खाणीतला चैतराम होता, हजेरी घेणारा बाबू. त्यालाही तोच आजार, तसलेच यंत्र. त्याची बायको जिजाबाई व्हरांड्यात स्टोव्हवर भात शिजवी आणि बाईंना मुलखातले माणूस भेटल्याच्या आनंदात तासन्‌तास बोले. ही यंत्रे परदेशातून येत, मोजकीच येत, आणि ती माणसाची नव्हती, संशोधनाची होती. आपल्या उन्हाळ्यात बॅटरी कितपत टिकते, तार कुठे झिजते, हे सारे डॉक्टरांना पाहायचे होते. म्हणून माणूस गेला तर यंत्र परत आले पाहिजे, असे त्यांनी दोन्ही घरांना बजावले होते. चांगले असेल तर ते शुद्ध करून दुसऱ्याला बसवता येते. "म्हंजे मेलेल्या मानसाचं?" असे जिजाबाईने विचारले होते, आणि तिच्या त्या अडाणी प्रश्नावर सत्यभामाबाई किंचित हसल्या होत्या. ते हसू आता त्यांना आठवले. गेलेल्या माणसाची गादी, छत्री, वहाणा. त्यांच्या घरातून त्याच दिवशी बाहेर जात.

गुणाकर भोपाळला होता. बॅटरीची दोन वर्षे भरत आली होती; नवे यंत्र मागवायला सरकारी परवाना लागतो, तो वेळेआधीच मिळवायला बाईंचा हा एकुलता एक मुलगा, आशालताचा नवरा, कोर्टातून रजा घेऊन गेला होता, आणि रोज संध्याकाळी पोस्टातून ट्रंककॉल करून 'साहेब दौऱ्यावर आहेत' एवढेच सांगत होता. मुंबईहून उत्तर आले होते की सध्या एकही यंत्र शिल्लक नाही. एखादे परत आले की पहिला विचार तुमचाच. परत आले की. बाईंनी ते तीन शब्द मनात आलटून पालटून पाहिले. परत येणारी गोष्ट कुठून तरी निघते. आणि मग वहाणा न काढता देवघरात शिरणाऱ्या माणसासारखा तो विचार त्यांच्या मनात आला. चैतरामचे यंत्र गेल्या दिवाळीतच बदलले होते. नवे कोरे होते. आणि चैतरामची छाती खाणीच्या धुळीने भरली होती. तो आता खाटेवरून उठत नाही, असे तांदळाच्या बाजारात भेटलेला त्याचा चुलता महागू मागल्या महिन्यातच सांगून गेला होता. तेव्हा बाई 'अरेरे' म्हणाल्या होत्या. ते 'अरेरे' अगदी खरे होते. आता त्या त्याला मनात चाचपून पाहू लागल्या, आणि तिथे काहीच हाताला लागेना.

आजाऱ्याला भेटायला जाणे हे काही पाप नव्हे. त्यांनी संत्री घेतली, एक उबदार शाल घेतली, आणि पिशवीच्या तळाशी ट्रान्झिस्टर ठेवला. कटंगीपर्यंत छोटी गाडी, पुढे बस. कापून नेलेल्या धानाच्या रिकाम्या शेतबांध्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत होत्या. गाडीच्या चाकांचा ठेका त्यांना नकोसा झाला. प्रत्येक रूळजोडावर त्या नकळत लंबक लावून पाहत होत्या. मी काय मागायला निघाले आहे? काहीच नाही. मी फक्त बघून येणार आहे. वकीलसाहेबांच्या शेवटच्या आजारात काही माणसे अशीच येऊन बसत आणि त्यांची नजर कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावरून फिरे. त्या नजरेचा बाईंना किती संताप येई. खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, ताठ, पांढऱ्या पदराच्या चौकटीत बसवलेला, आणि त्यांनी खिडकीकडे पाहणे सोडून दिले. तिरोडीला उतरल्या तेव्हा रस्त्याची धूळ काळपट जांभळी होती आणि ती त्यांच्या वहाणांवर, लुगड्याच्या काठावर लगेच बसली.

चैतराम उशांना टेकून बसला होता. एवढे वाळलेले माणूस त्यांनी पाहिले नव्हते. गळ्याखाली, कातडीच्या आत, यंत्राचा चौकोन पिशवीतल्या डबीसारखा स्पष्ट उठून दिसत होता. बाईंची नजर आधी तिथे गेली, मग त्याच्या चेहऱ्यावर. तो पाहत होता.

"या वकीलीनबाई," जिजाबाई पदराने खुर्ची पुसत म्हणाली. "एवढ्या दूरून आल्या. सूनबाई बऱ्या आहेत नं?"

"बरी आहे. रेडिओ आणला आहे मी. ऐकायचं का तुमच्या यजमानांचं?"

हे आपण इतक्या लवकर बोलून जाऊ असे त्यांना वाटले नव्हते. जिजाबाईचा चेहरा मात्र उजळला. मुंबईनंतर त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. बाईंनी काटा जुळवला, रेडिओ त्या चौकोनाजवळ नेला. आणि टकटक आली, खणखणीत, घाईची, मनातल्या लंबकाला मागे टाकून बिनघोर पुढे पळणारी. तिच्या वर चैतरामचा श्वास फाटक्या भात्यासारखा चालला होता, आणि त्या श्वासाशी त्या टकटकीचे काहीएक नाते नव्हते. बाईंच्या तोंडाला पाणी सुटले. खरोखरच सुटले, भुकेल्या माणसाला सुटावे तसे. ते गिळताना त्यांना स्वतःची शिसारी आली.

"आयका," जिजाबाई म्हणाली, "कसा जोरात चालून राह्यला. लोकं उगाच मले घाबरवते. चांगलं आहे नं बाई हे?"

"उत्तम आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या. ते यंत्राविषयी होते आणि खरे होते.

जिजाबाई संत्री ठेवायला आत गेली. चैतरामने बोटाने त्यांना जवळ बोलावले. "एक इचारू, वकीलीनबाई? तुमी मले पाहाले आल्या, का याले?" आणि त्याने छातीवरच्या चौकोनावर टिचकी मारली.

आयुष्यात त्यांनी नोकरमाणसांशीसुद्धा खोटे बोलणे कमीपणाचे मानले होते. "त्याला," त्या म्हणाल्या.

तो हसला. हसता हसता खोकला, आणि खोकून झाल्यावर पुन्हा हसला. "तुमीच एक खऱ्या निघाल्या. बाकीचे सारे म्हनते, चैतराम, तू उद्या उठून हजेरी घेशील. कोनाची हजेरी घेऊ, यमाची? सूनबाईचं उतरलं काय?"

"हौ," बाई म्हणाल्या. हा शब्द त्या कधी वापरीत नसत.

"घेऊन जाजा. मी गेल्यावर मले काय कामाचं? डाक्टरले सांगून ठेवतो. पन तवरीक हा रेडिओ इथं राहू द्या. मले झोप लागली का माही बायको घाबरून नाकाशी बोट धरते. तिले आयकू द्या. तेवढीच थे झोपन."

तो सौदा होता की दान, हे बाईंना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. पिशवी रिकामी घेऊन त्या परतल्या.

"रेडिओ कुठं राहिला आत्याबाई?" आशालताने दारातच विचारले.

"त्यांना हवा होता. देऊन आले."

"म्हणजे आता मी हायकोर्टातून सुटले," आशालता म्हणाली आणि हसली. हसताना तिने दाराची चौकट धरली. चौकट तिने गंमत म्हणून धरली की आधार म्हणून, हे बाई कितीतरी वेळ ताडत राहिल्या. आणि मग ते सारे दिवस असेच ताडण्यात गेले. सकाळी त्या पाटावर बसत, सून सवयीने स्टुलावर येऊन बसे, आणि दोघींच्या मध्ये एकटा लंबक बोले. तो एवढा मोठ्याने बोलतो हे त्यांना कधी जाणवले नव्हते. जाते थांबले, पाट्यावरचा वरवंटा थांबला, की त्या स्वयंपाकघराच्या दिशेने कान देत, पुन्हा आवाज सुरू झाला की रागावून म्हणत, "किती वाटतेस, पुरे." ती पायरी चढताना थांबली की त्यांचा पायही हवेत थांबे. तिचे मनगट दोन हातांच्या अंतरावर होते. हात पुढे करून ते धरणे एवढेच काय ते करायचे होते. पण सोवळे होते, आणि सोवळे सुटल्यावरही काहीतरी होतेच. सासूने सुनेचे मनगट धरावे असा प्रसंग त्या घरात कधी आला नव्हता. तो आणायचा म्हणजे तिला सांगायचे, की मला भीती वाटते. रोज देवापुढे हात जोडले की ओठांवर 'आशालताला आयुष्य दे' एवढेच येई, आणि त्या वाक्याच्या मागे सावलीसारखे दुसरे वाक्य उभे असे. ते त्या उच्चारीत नव्हत्या. पण देव काय फक्त उच्चारलेलेच ऐकतो?

आठवड्याच्या शेवटी, बाई देवाची भांडी घासत असताना, तिरोडीहून आलेल्या बसचा कंडक्टर दारात उभा राहिला. चैतराम पहाटे गेला, खाणीच्या डॉक्टरांनी बाईंना लगेच बोलावले आहे. तिथे कोणी ऐकत नाही. हातातले ताम्हण त्यांनी हळूच खाली ठेवले. छातीत काहीतरी सैल झाले. ती सुटका होती, आणि तिला सुटका हे नाव न देण्याचा प्रयत्न करीत त्या कटंगीच्या गाडीत बसल्या.

डॉक्टर तरुण होता, हिंदी मुलखातला. बॅग मांडीवर घेऊन ओसरीत बसला होता. "माताजी, आप ही समझाइए. सुबह से बैठा हूँ, हाथ नहीं लगाने देते." अंगणात तिरडीचे बांबू आणून टाकलेले होते, पण कोणी ते बांधायला घेतले नव्हते. महागू डोक्याला पंचा गुंडाळून भिंतीशी उकिडवा बसला होता. आत चैतराम अजून खाटेवरच होता. त्याला खाली भुईवर घेतले नव्हते, तोंडात तुळशीपत्र नव्हते, उशाशी दिवा नव्हता. जिजाबाईच्या हातातल्या बांगड्या जागच्या जागी होत्या. खाटेशेजारी बसून तिने दोन्ही हातांनी रेडिओ त्याच्या छातीवर धरला होता, आणि त्यातून टकटक येत होती, खणखणीत, घाईची.

"आयका बाई," जिजाबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "चालू आहे. हे म्हनते गेला. चालू आहे, आन्‌ हे चिरा द्याले आले."

"जीव असलेल्या मानसाले लाकडावर कसं ठेवाव?" महागू पुटपुटला. "पाप लागन."

सत्यभामाबाईंनी सारे बळ एकवटून, ओसरीवरच्या त्या आवाजात म्हटले, "जिजाबाई, रेडिओ बंद कर. माणूस गेला आहे." कोणी हलले नाही. कोणी वर पाहिलेसुद्धा नाही. हाक निघाली होती, स्पष्ट, नेहमीची, आणि ती खालच्या मजल्यावर पोचली नव्हती. खोलीत फक्त ते यंत्र बोलत राहिले, आणि बाईंना पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट ऐकू आला. त्यात चैतराम नव्हता. तो जिवंत असतानाही त्यात नव्हता. चोपदार काठी आपटत होता, रिकाम्या घराच्या दाराशी, त्याच इमानाने, त्याच रुबाबात. आत कोणी आहे की नाही हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. दोन वर्षे रोज सकाळी त्या सोवळ्यात बसून हेच ऐकत आल्या होत्या आणि याच्यावर चहाचा घोट घेत आल्या होत्या. त्या खाली, जिजाबाईच्या शेजारी, सारवलेल्या भुईवर बसल्या.

"जिजाबाई," त्या हळू म्हणाल्या, "हा त्यांचा जीव नव्हे. ही बॅटरी आहे. माणूस असो नसो, ती वाजते."

"तुमीच त म्हनलं होतं, उत्तम आहे."

"यंत्र उत्तम होतं. मी यंत्राचं बोलत होते."

जिजाबाईने त्यांच्याकडे वळून पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. खरोखरच समजून घ्यायचे होते तिला. "मंग तुमी रोज सुनेचं काय आयकत होत्या, बाई?"

बाईंनी जिजाबाईचा उजवा हात रेडिओवरून सोडवला आणि चैतरामच्या मनगटावर नेऊन ठेवला, आपली बोटे तिच्या बोटांवर ठेवली. मनगट गार होते, भिंतीसारखे मुके. जिजाबाईने दुसऱ्या हाताने रेडिओ कानाशी धरला. एका बाजूला ती टकटक, दुसऱ्या बाजूला हे काहीच नाही. कितीतरी वेळ ती या दोहोंच्या मध्ये बसून राहिली, जणू दोघांपैकी कोण खोटे बोलतो ते तिलाच ठरवायचे होते. मग तिने रेडिओची कळ फिरवली. त्या शांततेत अंगणातले बांबू कोणीतरी उचलल्याचा आवाज आला. जिजाबाईने डोके भुईला टेकले आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सत्यभामाबाईंनी, ज्या कोणासाठीच उठून बाजूला होत नसत त्या बाईंनी, डॉक्टरला वाट करून दिली.

यंत्र निर्मळ कापडात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून डॉक्टरने त्यांच्या हाती दिले. रेडिओ जिजाबाईने परत दिला नाही आणि बाईंनी मागितला नाही. गाडीत डबा मांडीवर होता. डब्यातून काही ऐकू येत नव्हते. पण ते आत चालू असणार, कोणासाठीही नाही, असे वाटून त्यांनी त्याच्यावर पदर ओढला, आणि लगेच काढून घेतला. उद्या गुणाकर येईल, उद्याच मुंबईची गाडी धरायची. मुंबईपर्यंतचा रस्ता त्यांनी मनात इतक्यांदा चालून पाहिला की बालाघाट आले तेव्हा त्या उठायला विसरल्या.

प्रेताच्या घरून आलेल्या माणसाने आधी परसात जावे, डोक्यावरून पाणी घ्यावे आणि मगच कोणाला शिवावे. त्या घरात हा नियम बाईंनीच इतकी वर्षे राखला होता. आशालताने न्हाणीघरात पाणी काढून ठेवले होते. ती बैठकीत स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. ऊन उतरत असतानाही तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"पाणी ठेवलंय, आत्याबाई. झालं तिथलं?"

बाई परसाकडे गेल्या नाहीत. डबा मेजावर ठेवून, तिरोडीची जांभळी धूळ अंगावर तशीच घेऊन, त्या सरळ तिच्यापर्यंत गेल्या आणि तिचे मनगट धरले.

"अहो, आंघोळ..." आशालता म्हणू लागली, आणि तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग, जवळजवळ थट्टेने, "काय ऐकता? रेडिओ तर नाही."

"बोलू नकोस."

मनगट ऊन होते, बारीक होते, त्यांना वाटले होते त्याहून खूप बारीक. बांगड्या वर सरकवून त्यांनी बोटे दाबली. आत काहीतरी उचलले गेले, बोटांना लागले आणि विरले. घड्याळात लंबक पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. आता पुढे तो होता. मागे राहिलेल्या पोरीसाठी वाटेत थांबण्याची त्याला सवय नव्हती. आशालताने आपला दुसरा हात सासूच्या हातावर ठेवला, धीर द्यावा तसा. आणि आयुष्यभर हाका मारलेल्या त्या बाई, बोटांवर सारे शरीर गोळा करून, खालच्या मजल्यावरून येणाऱ्या पुढच्या 'ओ'ची वाट पाहत राहिल्या.